मोठ्या आईच्या बांगड्या

कोथरूड, पुणे
२८ ऑक्टोबर २००३

प्रिय विजयमालाताई,

वर्षाहून अधिक काळ पत्र नाही, भेट नाही आणि आज एकदम हे पाकीट. इतके दिवस गप्प राहिले, त्याबद्दल आधी क्षमा मागते. खराडी आणि कोथरूड एकाच शहरात आहेत आणि बस बदलत आलं तरी दुपारच्या जेवणाला पोचता येतं. तरी पोस्टाने लिहिते आहे, कारण फोन केला की तुम्ही आवाज जाड करून "राँग नंबर" म्हणता. लग्न होऊन आल्यापासून मी तुमचा आवाज ऐकते आहे, ताई. जाड केला तरी तो तुमचाच असतो.

दिवाळीला तुम्हाला खराडीला ठेवून दादा एकटेच फराळाचा डबा घेऊन आले. त्यात श्रद्धासाठी वेगळ्या पुडीत बिनमिठाच्या चकल्या होत्या. कुणी केल्या म्हणून विचारलं तर म्हणाले, "हाटेलातनं आणल्या." बिनमिठाची चकली विकणारं हॉटेल पुण्यात निघालं असेल तर त्याचा पत्ता मला जरूर कळवा.

आता कामाचं. श्रद्धाचं हे वर्ष दवाखान्यातल्या मशीनवर गेलं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. शाळा सुटली, पाणी मापाने प्यायचं, मैत्रिणी आधी रोज यायच्या, मग रविवारी, मग वाढदिवसाला. तिची मूत्रपिंडं आता परत काम करणार नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. पण डॉक्टरांनी दुसरा मार्ग काढला आहे. तिच्या पोटात एक मऊ नळी बसवली आहे. त्या नळीतून औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास राहू द्यायचं, मग काढून नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, दर वेळी अर्धा तास, आणि सगळं घरी. सकाळचं करून शाळा, शाळेतून आल्यावर दुपारचं. म्हणजे तिची शाळा परत सुरू होऊ शकते.

अडलंय एकाच गोष्टीवर. घरात दोन माणसं हे शिकून तयार झाल्याशिवाय दवाखाना मुलाला घरी सोडत नाही. एकाला ताप आला तर दुसरं हवं, हा त्यांचा नियम, आणि तो मला पटतो. तुमचे धाकटे दीर कंपनीच्या कामाने अमेरिकेत. एप्रिलच्या आत त्यांना सोडणार नाहीत. आई वर्ध्याला, तिला सुईत दोरा ओवता येत नाही. शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला रक्त बघवत नाही." म्हटलं, यात रक्त नसतं. "मग तर मुळीच नको," म्हणाल्या. यातला तर्क मी अजून शोधते आहे.

शहाळ्याबद्दल लिहायचं टाळलं तर हे पत्र अर्धवट राहील. पुण्यात आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळंच नेतात. दवाखान्याच्या फाटकावर शहाळेवाला बसतो तो उगाच नाही. गेल्या वर्षी त्या दिवशी पोर तहानेने कासावीस होती, तुम्ही स्ट्रॉ घालून तिच्या हातात दिलंत. शहाळ्यात पोटॅशियम फार असतं आणि ते बाहेर टाकायला तिच्याकडे मूत्रपिंडं नव्हती, हे त्या खोलीत कुणालाच सुचलं नाही. तिचं हृदय अडखळलं, डॉक्टरांनी सावरलं, आठवडा संपायच्या आत ती पत्त्यांत लबाडी करू लागली. तुम्ही मात्र त्या दिवशी गेलात त्या गेलातच. "ह्या पोरीला मी परत हात लावणार न्हाई" असं म्हणालात, हे दादांकडून कळलं.

पण मला तुमचेच हात हवे आहेत. दुसरं कुणी मिळत नाही म्हणून लिहिते आहे का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. थोडंसं तसं आहे. पण माणूस मिळालं असतं तरी श्रद्धाने त्याला पोटाला हात लावू दिला नसता.

खाली तिने स्वतः लिहिलं आहे, मी वाचलेलं नाही.

तुमची,
नीरजा

मोठी आई, आईने वाचलंय. तू ये. तू आलीस की मला शाळेत जाता येईल. गणिताच्या बाईंची बदली झाली आहे, म्हणून आत्ताच जायला पाहिजे, परत आल्या तर उपयोग नाही. – श्रद्धा


कोथरूड
५ नोव्हेंबर २००३

प्रिय ताई,

तुमचं उत्तर दादांच्या सदऱ्याच्या खिशातून घडी होऊन आलं. "मी दहावी नापास. ही डॉक्टरकीची कामं. दुसरं माणूस बघा." एवढंच. खाली सहीसुद्धा नाही, जणू वीज मंडळाची नोटीस.

मी ते डायलिसिस विभागातल्या यमुना सिस्टरांना वाचून दाखवलं. शिकवायचं काम त्यांच्याकडे असतं. त्या म्हणाल्या, "दहावी नापास चालेल. वाढवलेली नखं चालणार नाहीत." माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या. मी घरी येऊन आधी नखं कापली.

सोमवारी सकाळी मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी असेन. तुम्ही आला नाहीत तर थोडा वेळ थांबून वर जाईन आणि त्याच्या पुढच्या सोमवारी परत उभी राहीन. हे धमकीसारखं वाटतंय का? तसं वाटत असेल तर वाटू द्या.

नीरजा


कोथरूड
११ नोव्हेंबर २००३

प्रिय ताई,

काल तुम्ही आलात. रिक्षातून उतरलात तेव्हा मी तुम्हाला ओळखलंच नाही, कारण तुम्ही पदर डोक्यावरून इतका पुढे ओढला होता की तुम्हालाही मी दिसले नसेन. श्रद्धा "मोठी आई" म्हणून धावली आणि तुम्ही दोन्ही हात पाठीमागे घेतलेत. मग तिनेच तुमच्या कमरेला मिठी मारली. तेवढ्यासाठी तरी कालचा दिवस वाया गेला असं मी म्हणणार नाही.

पुढचं आपण दोघींनी पाहिलं, तरी लिहिते. आपल्याला तेव्हा एकमेकींशी बोलताच आलं नाही.

यमुना सिस्टर म्हणाल्या, "कोपरापासून खाली काही नको. घड्याळ, अंगठी, दोरा, बांगड्या."

तुम्ही म्हणालात, "बांगड्या ऱ्हाऊ द्या. धुतलेल्या हायेत."

"बांगडीच्या खाली साबण पोचत नाही, बाई."

"सकाळीच आंघोळ करून आलीया मी."

"मीसुद्धा," सिस्टर म्हणाल्या. "काढा."

तुम्ही मनगट धरून बसलात. मी मध्ये पडून म्हटलं, वाटलं तर बांगड्यांऐवजी दंडाला हिरवा दोरा बांधू, तो कोपराच्या वर राहील. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "दोरा ताप आल्यावर बांधत्यात, नीरजा." मग सिस्टरांना म्हणालात, "माझं मालक जिते हायेत."

"असू देत की! शंभर वर्षं असू देत. बांगड्या या ट्रेमध्ये ठेवा."

"मालक जिते असताना हात मोकळं करून बसायचं?" एवढं म्हणून तुम्ही पिशवी उचललीत आणि गेलात. श्रद्धाने विचारलं, "आता काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, बांगड्या. ती म्हणाली, "तुझ्या कुठे आहेत?"

माझ्या मी केव्हाच काढून कपाटात ठेवल्या. पहिल्या दिवशी सिस्टरांनी सांगितलं आणि मी काढल्या, क्षणभरही थांबले नाही. रात्री रोजनिशीत लिहायला बसले तेव्हा वाटलं, मी पुढारलेली म्हणून थांबले नाही, की तुमच्या दिरांशी आठवड्यातून एकदाच बोलणं होतं म्हणून मला त्यांची आठवणच झाली नाही? दोन्ही उत्तरं मला फारशी आवडली नाहीत. त्यामुळे तुम्हाला शहाणपण शिकवायला मी हे लिहीत नाही.

सिस्टरांना मी विचारून पाहिलं. चिकटपट्टी लावून बांगड्या वर सरकवल्या तर? नाही म्हणाल्या. नळी उघडते तेवढ्या क्षणात जंतू आत गेला तर पोटात पू होतो. मोठ्या माणसाला एकवेळ निभावतं, मुलाला नाही. त्यांचं बरोबर आहे. आणि तुमचं मला चूक म्हणता येत नाही. दोन बरोबर गोष्टींच्या मध्ये श्रद्धाची शाळा बसली आहे.

दादा शिधा घेऊन आले आहेत, त्यांच्याच हाती हे पाठवते. डिंक संपला आहे, म्हणून पाकीट उघडंच आहे.

नीरजा


कोथरूड
७ डिसेंबर २००३

प्रिय ताई,

तुम्ही काल तीन दिवसांसाठी खराडीला गेलात आणि घर एकदम मोठं झालं. परवा येणारच आहात, तेव्हा हे पत्र तुमच्या आधी पोचेल की नंतर, शंकाच आहे. पण गेल्या तीन आठवड्यांत आपण इतकं बोललो, आणि सगळं "हात धुतले का," "पंखा बंद केला का," "खिडकी लाव" यातच संपलं. म्हणून बाकीचं लिहून टाकते.

डिंकाची बाटली ओट्याखाली होती. त्या दिवशीही होती. तुम्हाला ती सापडली तेव्हा तुम्ही ती नुसती पुसून जागेवर ठेवलीत. दादांनी मात्र मला नंतर विचारलं, "सूनबाई, पाकीट उघडं ठिवलं ते मी वाचावं म्हणूनच न्हवं?" मी हो म्हटलं. "मग तोंडानं सांगायचं," म्हणाले. "वाचायला मला चष्मा लागतो. टेम्पोत बसून वाचलं, निम्मं डायवरनं वाचून दावलं."

पुढच्या सोमवारी मी फाटकाशी उभी होते ते कुणी येईल म्हणून नव्हे. म्हटलं होतं म्हणून. आणि तुम्ही दोघं आलात. दादा पुढे, तुम्ही मागे, जणू देवीला निघालात. दादा तडक वर आले आणि शिकवायच्या खोलीला जी मोठी काच आहे तिच्यासमोरच्या बाकावर बसले. तुम्हाला म्हणाले, "हे बघ. मी हितं बसलोय. दिसतोय न्हवं?"

"दिसताय की."

"धडधाकट हाय. सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्यात. आता काढ बांगड्या."

"माणसं बघत्यात, अवो."

"बघू देत. मीबी बघतोय." आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली आणि तुमच्यापुढे धरली. "ट्रेमध्ये नगं. हितं टाक."

ताई, दादांना टोपीशिवाय मी आजवर पाहिलं नव्हतं. आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही. कपाळाचा टोपीखालचा भाग गोरा आणि खालचा काळा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. बाकावर बसलेली सगळी आईबाप मंडळी बघत होती. तुम्ही साबण लावून एकेक बांगडी उतरवलीत आणि टोपीत ठेवलीत. श्रद्धा मोठ्याने म्हणाली, "मोठ्या बाबांना टक्कल आहे!" तेवढ्यात यमुना सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, "मास्क लावा. संसार नंतर."

त्या दिवसापासूनचा नियम तुमचा: मालक डोळ्यासमोर असले की हात मोकळे चालतात. श्रद्धाने विचारलं, "हे कुठल्या पोथीत आहे?" तुम्ही म्हणालात, "माझ्या." आणि बिचारे दादा रोज खराडीहून येऊन उघड्या डोक्याने, मांडीवर टोपी घेऊन बसू लागले. बाजूच्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, "ह्यांचं काही नवस-बिवस आहे का?" मी हो म्हणून टाकलं. समजावत बसले असते तर दुपार झाली असती.

परीक्षा आपली दोघींची एकाच दिवशी झाली आणि आधी मी नापास झाले. हात धुतले, पुसले, मग शंका आली म्हणून परत धुतले, मग नळाला कोपर लागलं असं वाटलं म्हणून परत. सिस्टर म्हणाल्या, "नीरजाताई, खडकवासला रिकामा करणार का? एकदा नीट धुवा आणि स्वतःवर विश्वास ठेवा." पहिलं मी शिकले. दुसरं शिकते आहे. तुम्हीही काही पहिल्या झटक्यात पास झाला नाहीत, हे इथे नमूद करते, नाहीतर सगळ्या खराडीत सांगत सुटाल. जोडताना उघड्या नळीवर वारा नको म्हणून पंखा बंद, आणि श्वास नको म्हणून बोलायचंही नसतं, आणि तुम्ही नळी हातात घेऊन सिस्टरांना "जेवलात का?" विचारलंत.

दुसऱ्या खेपेला मात्र सगळं नीट झालं. पोटातून निघालेलं पाणी पिशवीत जमलं की ते नितळ आहे का बघायचं. पिशवीमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. सिस्टर कागद शोधत होत्या, तोवर दादांनी बाहेरून त्यांचं वर्तमानपत्र काचेला चिकटवून धरलं. तुम्ही पिशवी उचललीत आणि तिच्यातून खणखणीत वाचलंत, "गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद." अख्खा विभाग हसला. सिस्टरांनी मास्क लावलेला होता, पण डोळ्यांवरून कळलं. "पास," म्हणाल्या. "दोघी. आता मला तोंड दाखवू नका." मग दरवाज्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "काही वाटलं तर कधीही फोन करा."

आता शुक्रवारचं. डॉक्टर म्हणाले, घरचं डायलिसिस छान चाललंय, आता तिला पाण्याचं माप नको, तहान लागेल तेव्हा पिऊ दे. घरी आल्यावर श्रद्धाने माठाखालचं मोठं फुलपात्र घेतलं, काठोकाठ भरलं आणि आपल्या तिघांसमोर उभी राहिली, गॅदरिंगमध्ये कविता म्हणायला राहतात तशी. मधे थांबली नाही. घोट घशातून उतरताना दिसत होता. संपलं तेव्हा तोंड पुसलं आणि म्हणाली, "अजून आहे?" जणू कुणी उरलेलं लपवून ठेवणार होतं. दादा म्हणाले, "हाय की! सगळा माठ तुझा." तुम्ही ओट्याकडे तोंड करून उभ्या होतात आणि "शिट्टी झाली का बघते" म्हणालात. कुकर गॅसवर नव्हता, ताई.

रात्री रोजनिशीत मी लिहिलं, आज श्रद्धा एक भांडं पाणी प्यायली. नंतर ते वाक्य मला फारच साधं वाटलं म्हणून खोडलं, दुसरं काही सुचेना, म्हणून परत तेच लिहिलं.

उद्या ती शाळेत जाते आहे. तुम्ही परवा याल तेव्हा गणिताच्या बाईंची खबर तिच्याकडूनच ऐका. त्यांची बदली रद्द झाल्याचं मला कळलंय, मी तिला अजून सांगितलेलं नाही.

नीरजा


वर्धा
६ फेब्रुवारी २००४

प्रिय ताई,

फोनवर बोलले तेव्हा बूथवाला माझ्याकडे आणि मीटरकडे आळीपाळीने बघत होता, आणि मागे एक गृहस्थ नाणं वाजवत उभे होते. म्हणून पुन्हा पत्र. ते आता माझ्या अंगवळणीच पडलं आहे.

बारसं छान झालं. अभिनवच्या मुलीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच, म्हणून तर तुम्ही मला ढकलून गाडीत बसवलंत. "आत्याशिवाय कुर्र कोण करणार? पोरगी मोठी झाल्यावर तुलाच नावं ठेवील," म्हणालात. मी बाळाच्या कानाशी वाकले, पाठीवर सगळ्या बायकांनी रीतसर बुक्के घातले, आणि मला इतकं हसू आलं की नाव सांगायचं राहिलं. परत वाकावं लागलं, परत बुक्के खावे लागले. नाव अन्वयी ठेवलंय. आईला ते ऐकू आलं नाही. ती तिला "अनसूया" म्हणते आणि कुणी दुरुस्त करत नाही.

आईने मला जवळजवळ दोन वर्षांनी पाहिलं. नुसती चाचपत होती. म्हणाली, "तुझे हात खरखरीत का झाले?" म्हटलं, साबणाने. "भांड्याला बाई ठेव," म्हणाली.

आता कालचं. तुम्ही फोनवर फक्त "समदं बेस" म्हणालात, पण नंतर श्रद्धाने रिसीव्हर घेतला आणि बूथवाल्याच्या कृपेने मला सगळं कळलं. दादांना अवचित खराडीला जावं लागलं, कारण तुमची म्हैस विणार होती आणि गडी तिला घाबरतो. इकडे दुपारचं पाणी बदलायची वेळ झाली. घरात तुम्ही आणि श्रद्धा. मालक डोळ्यासमोर नाहीत.

श्रद्धा म्हणते, तुम्ही खुर्चीवर बसून मनगटाकडे बघत होतात. ती काही बोलली नाही, मुद्दामच बोलली नाही, असं मला अभिमानाने सांगितलं. मग तुम्ही उठलात, श्रद्धाच्या बाबांनी अमेरिकेहून बोलता यावं म्हणून घेतलेल्या त्या स्पीकरच्या फोनवरून दादांचा मोबाइल लावलात आणि म्हणालात, "अवो, मी बांगड्या काढतीया. फोन बंद करायचा न्हाई. बोलत ऱ्हावा."

"काय बोलू?"

"काय बी. आवाज आला पायजे."

बांगड्या कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवून तुम्ही हात धुतलेत आणि मास्क लावलात. तिकडे आयटी पार्कच्या भिंतीला लागून असलेल्या गोठ्यातून दादा सुरू झाले. "आता बसली. आता उठली. पाय दिसत्यात. थांब, थांब बये..." तुम्ही नळी जोडेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत, सिस्टरांचा नियम पाळलात. दादांना मात्र काळजी वाटू लागली, "आगं हायस का?" तर श्रद्धा मास्कमधून ओरडली, "जोडतेय! तुम्ही बोला!" मग पाणी पोटात उतरू लागलं आणि तिकडे रेडकू झालं. रेडी आहे. दादा आनंदाने ओरडले, कुणीतरी ढोल वाजवावा तशी फोनमधून बादली पडली, आणि श्रद्धाला हसू आवरेना. तुम्ही तिला म्हणालात, "हसू नगं, पोट हलतंय," आणि स्वतःच हसत होतात. पिशवी उजेडाला धरून बघितलीत. नितळ होती. सगळं आवरल्यावर बांगड्या भरल्यात, आणि मगच दादांना फोन ठेवू दिलात.

मी बूथमध्ये हे ऐकत होते आणि मागचे गृहस्थ म्हणाले, "बाई, वाईट बातमी आहे का?" कारण मी डोळे पुसत होते. मी म्हटलं, "नाही, म्हैस व्याली." त्यांनी माझं अभिनंदन केलं.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते सांगते. परवा आले, आणि काल सकाळी सहाला मला आपोआप जाग आली आणि मी न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. मग कळलं, इथे कुणी वाट बघत नाही. तशीच ओल्या हातांनी उभी राहिले. दुपारी एक वाजता घड्याळ बघितलं, संध्याकाळी बघितलं, आईशी बोलता बोलता दहा वाजता उठून उभी राहिले.

आज दुपारी पंगत बसली. माझी एक कॉलेजची मैत्रीण आली होती. आम्ही जुन्या प्रोफेसरांची नक्कल केली, जेवलो, परत थोडी जिलबी घेतली, ओसरीवर जाऊन बसलो. आणि मग सहज घड्याळाकडे लक्ष गेलं, तर तीन वाजून गेले होते. एक वाजल्याचं मला कळलंच नव्हतं. कोथरूडच्या घरात कुणी खिडक्या लावल्या असतील, पंखा बंद केला असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आधी, मी कसली आई, असं वाटलं. नंतर बराच वेळ शोधलं, पण अपराधी वाटायला हवं तसं वाटेना. हलकं वाटत होतं, उपास सोडल्यावर वाटतं तसं. हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही, याचंच मला नवल वाटतं.

म्हणून मघाशी बूथवर गेले होते, खरं तर उद्याच्या गाडीने निघते हे सांगायला. तर तुम्ही म्हणालात, "यायचं तर ये, न्हाईतर ऱ्हा. हितं तुझ्यावाचून काय बी अडलं न्हाई. पोरगी म्हणतीया, आई नसली की पंखा लवकर लागतो."

हे वाक्य मी बूथपासून घरापर्यंत मनात घोळवत आले. मी पंखा उगाच उशिरा लावते हे खरं आहे, नळी बंद झाल्यावरही. सिस्टरांनी कधीच सांगितलं नव्हतं इतका वेळ थांबायला. पण त्याहून, "काय बी अडलं न्हाई." ताई, मला आठवतं तेव्हापासून मला कुणी इतकी चांगली गोष्ट सांगितलेली नाही.

आईने आत्ताच विचारलं, "उद्या किती वाजता निघतेस?" ती चुलीपुढे बसून माझ्यासाठी वाटेत खायला काहीतरी बांधते आहे, अगदी हळूहळू, जणू गाडी तिच्यासाठी थांबणार आहे.

रोजनिशी घरीच राहिली आहे, म्हणून उद्याचं काम इथेच लिहून ठेवते.

उद्या: स्टेशनवर जाऊन परतीचं तिकीट चार दिवस पुढचं करून घ्यायचं.

नीरजा